स्वस्तातल्या रंध्यांची वंशावळ

जुन्या अवजारांच्या अमेरिकी बाजारात रंधे दोन ठिकाणी सापडतात. काही मेजावर असतात, पुसून, तेल लावून, किमतीची चिठ्ठी अडकवून. बाकीचे मेजाखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात, एकमेकांवर टाकलेले. कोणताही उचला, दहा डॉलर. मेजावर स्टॅन्लीचा 'बेडरॉक' असतो, आणि विक्रेत्याचं नशीब जोरावर असेल तर स्टॅन्लीचा नंबर 1, जेमतेम साडेपाच इंच लांबीचा इवलासा रंधा. त्याला आज हजार डॉलरच्या वर किंमत येते. खोक्यात असतात डिफायन्स, हँडीमन, व्हिक्टर, फुल्टन, डनलॅप, हर्क्युलिस, मोहॉक-शेलबर्न. ज्या कंपन्या मेजावरचे रंधे बनवत होत्या, त्यांनीच बनवलेले, पण मुद्दाम स्वस्त केलेले. मॅसॅच्युसेट्समध्ये राहायला आल्यापासून मी याच खोक्यांपुढे उकिडवी बसत आले आहे. माझं ठाम मत आहे की विसाव्या शतकातल्या साध्या अमेरिकी घराबद्दल काही कळून घ्यायचं असेल तर मेजाखाली वाकावं लागतं.

आधी रंध्याची रचना. आपल्याकडचा जुना लाकडी रंधा ज्याने पाहिला असेल त्याला पाचर ठाऊक असते. पातं घालायचं, पाचर ठोकायची, आणि पातं किती बाहेर आलंय हे डोळ्याने बघत हातोडीच्या टिचक्यांनी कमी-जास्त करायचं. सुतार हे काम क्षणात करतो, नवख्याचा अर्धा दिवस त्यात जातो. लेनर्ड बेली या अमेरिकी कारागिराने ही टिचकीच काढून टाकली. 1858 आणि 1867मध्ये त्याने जी पेटंटं घेतली, त्यांतून आजचा लोखंडी रंधा घडला. बिडाचा तळ, त्यावर 45 अंशांत तिरकी बैठक (तिला सगळे फ्रॉग म्हणतात), बैठकीवर पातं, पात्यावर त्याला दाबून धरणारी लिव्हर कॅप. मागे एक पितळी चक्री असते. ती फिरवली की इंग्रजी वाय अक्षरासारखा एक काटा हलतो आणि पातं केसभर पुढे किंवा मागे सरकतं. पुढे पातं डावी-उजवीकडे कलवण्यासाठी एक दांडी आली. दीडशे वर्षांत या रचनेत फारसा बदल झालेला नाही, आणि पंजाब-हरियाणातल्या कारखान्यांतून आपल्या बाजारात येणारा लोखंडी रंधासुद्धा हाच आहे.

कनेक्टिकट राज्यातलं न्यू ब्रिटन हे या रंध्यांचं माहेर. या गावाला 'हार्डवेअर सिटी' म्हणत, कारण कुलपं, बिजागऱ्या, मोजपट्ट्या, रंधे असा सगळा लोखंडी पसारा इथून देशभर जायचा. इथल्या स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनीने 1869मध्ये बेलीचा धंदा विकत घेतला आणि बेलीला कंत्राटावर ठेवलं. काही वर्षांत दोघांचं फिसकटलं. बेली हार्टफर्डला गेला, 'व्हिक्टर' नावाने नवे रंधे काढून स्टॅन्लीशी स्पर्धा करू लागला, आणि 1884मध्ये स्टॅन्लीने तीही मालिका विकत घेतली. ऱ्होड आयलंडमधल्या वूनसॉकेट गावात आणखी एक बेली होता, सेल्डन बेली. त्याच्या बेली टूल कंपनीच्या रंध्यांचं नाव होतं 'डिफायन्स'. त्या कंपनीचंही तेच झालं.

ही नावं मग अर्धशतक पडून राहिली. 1930च्या दशकात, मंदीने लोकांचे खिसे रिकामे झालेले असताना, स्टॅन्लीला स्वस्त मालिका काढायच्या होत्या आणि आपलं मुख्य नाव त्यांवर ठसठशीत घालायचं नव्हतं. तेव्हा तिजोरीतून ही नावं बाहेर आली. बाजारातून उठवलेल्या प्रतिस्पर्ध्यांची नावं आपल्याच हलक्या मालाला! लेनर्ड बेलीने स्टॅन्लीशी टक्कर द्यायला जे नाव निवडलं, ते शेवटी स्टॅन्लीच्या सर्वांत साध्या रंध्यावर आलं. त्याच वेळी कंपनीच्या उत्तम रंध्यांच्या नाकाडावर, बिडातच ओतलेली 'बेली' ही अक्षरं 1902पासून झळकत होती. एकाच माणसाच्या कामाची ही दोन टोकं एका खोक्यात शेजारी पडलेली दिसली की मला आजही थांबावंसं वाटतं.

स्वस्त रंध्यांची कल्पना तशी मंदीच्याही आधीची. 1920च्या दशकात स्टॅन्लीने 'फोर-स्क्वेअर' नावाची घरगुती अवजारांची मालिका काढली होती. गिऱ्हाईक सुतार नव्हता. अडकणारं दार घासणारा, मुलांसाठी फळी ठोकणारा घरमालक होता. त्याच्याही आधी, 1870च्या सुमारापासून, बीचच्या लाकडाच्या ठोकळ्यावर बेलीची लोखंडी यंत्रणा बसवलेले रंधे विकले जात. संपूर्ण बिडाच्या रंध्यापेक्षा ते स्वस्त पडत. पण ते स्वस्त झाले होते लाकूड वापरून, यंत्रणा जशीच्या तशी होती. विसाव्या शतकात काटकसर यंत्रणेच्या आत शिरली, आणि माझ्यासारखीला रस आहे तो इथून पुढे.

समोर दोन रंधे ठेवून बघू. एक स्टॅन्ली बेली नंबर 4, दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा. दुसरा 1950च्या दशकात आलेल्या 'हँडीमन' मालिकेतला एच 1204. दोन्ही नऊ इंची, दोन्हींचं पातं दोन इंच रुंद. स्टॅन्लीने स्वस्त मालिकांच्या आकड्यांत मूळ आकडा शेवटी लपवला होता. डिफायन्स 1203, 1204, 1205 किंवा हँडीमनचे तेच आकडे म्हणजे मापाने 3, 4 आणि 5. दुरून दोघे सख्खे भाऊ. नंबर 4ची मूठ आणि पुढची गुंडी ब्राझीलच्या शिसवीची, हँडीमनची कुठल्याशा कठीण लाकडाची, रंग देऊन चकचकीत केलेली. इथपर्यंत फरक फक्त कातडीचा आहे.

आता लिव्हर कॅप उचला, पातं काढा. नंबर 4मध्ये कलवायच्या दांडीच्या टोकाला एक छोटी गोल चकती असते. ती पात्याच्या फटीत बसते आणि दांडी हलली की लोण्यातून सरकल्यासारखी फिरते. हँडीमनमध्ये दांडी म्हणजे पत्र्याची एकच पट्टी, टोक नुसतं वळवलेलं. काम तेच करते, पण हाताला खडखड जाणवते. मग काटा बघा. चांगल्या रंध्यात तो एकसंध ओतीव असतो. स्वस्तातल्या रंध्यात पत्र्याचे दोन तुकडे ठोकून एकत्र आणलेले असतात, मधली पोकळी दिसते. चक्री पितळेऐवजी पोलादी. शेवटी फ्रॉगचे दोन स्क्रू सोडवून फ्रॉग उचला. नंबर 4मध्ये फ्रॉगच्या मागे, खालच्या बाजूला, एक आडवा स्क्रू असतो. तो फिरवून फ्रॉग पुढे-मागे सरकवता येतो आणि रंध्याचं तोंड अरुंद-रुंद होतं. 1907च्या सुमाराला ही सोय आली. हँडीमनमध्ये ती नाही. आणि फ्रॉग ज्या जागी टेकतो ती जागा नंबर 4मध्ये रुंद, मशीनवर घासून चकचकीत केलेली, तर हँडीमनमध्ये घासलेला भाग तुटपुंजा, बाकीचा रंगाखालीच राहिलेला.

हा फ्रॉगखालचा भाग म्हणजे रंध्याची जन्मपत्रिका आहे. बाहेरून कोणीही काहीही बदलू शकतो. मूठ फुटली की दुसऱ्याची लावतात, लिव्हर कॅप हरवली की मिळेल ती बसवतात. ओतकाम मात्र बदलता येत नाही.

म्हणून नवशिक्याने जिथे आधी बघू नये अशी जागा म्हणजे पात्यावरचा शिक्का. पातं ही झिजणारी वस्तू आहे. सार्जंट या दुसऱ्या कंपनीच्या रंध्यात स्टॅन्लीचं पातं, डनलॅपमध्ये कुठल्यातरी दुकानाचं पातं हे रोजचं दृश्य आहे. पात्यावर हृदयाच्या आकारात 'एस डब्ल्यू' ही अक्षरं दिसली की विक्रेते भाव वाढवतात. 1920मध्ये स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनी स्टॅन्ली वर्क्समध्ये विलीन झाली, तेव्हापासून 1930च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे चिन्ह चाललं. कंपनीचे दीर्घकाळचे अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या आडनावावरून ते हृदय आलं. पण ते पात्याचं वय सांगतं. रंध्याचं वय ओतकामात शोधावं लागतं.

मुख्य मालिकांच्या बाबतीत हे शोधणं आता सोपं झालं आहे. रॉजर स्मिथ यांच्या अमेरिकी धातूच्या रंध्यांवरच्या ग्रंथाचा पहिला खंड 1981मध्ये आला. त्यातून रुळलेल्या वर्गीकरणात स्टॅन्लीच्या बेली रंध्यांचे वीस 'प्रकार' आहेत. फ्रॉगमागे पेटंटच्या तीन तारखा ओतलेल्या असतील तर प्रकार 11, म्हणजे 1910 ते 1918. लिव्हर कॅपचं भोक किल्लीच्या भोकासारखं न राहता मूत्रपिंडाच्या आकाराचं झालं असेल तर 1933नंतरची. स्वस्त मालिकांना असं अधिकृत वर्गीकरण लाभलं नाही. त्यांच्यात रंग बदलतो, मुठीचा घाट बदलतो, दांडी बदलते, आणि हे बदल कारखान्यात जे सुटे भाग शिल्लक असतील त्यांवरही अवलंबून असत. त्यामुळे इथे कालगणना नमुने जमवूनच उभी करावी लागते.

एक फसगत हमखास होते, ती सांगितली पाहिजे. महायुद्धाच्या काळात पितळेवर निर्बंध आले. 1942 ते 1945मधले स्टॅन्लीचे अव्वल रंधेसुद्धा पोलादी किंवा कडक रबरी चक्री आणि रंगवलेल्या लाकडी मुठी घेऊन बाहेर पडले. पहिल्या नजरेला ते थेट हँडीमनचे भाऊबंद वाटतात, आणि म्हणून कित्येकदा दहा डॉलरच्या खोक्यात जातात. उचलून बघा. युद्धकाळातलं ओतकाम नेहमीपेक्षा जाड आहे, हाताला ते लगेच कळतं. जाणकार सुतार आज हे रंधे शोधत फिरतात. उलट फसगतही होते. फ्रॉग सरकवायचा स्क्रू नाही म्हणून सार्जंटच्या मुख्य मालिकेतल्या चांगल्या रंध्याला लोक हलका समजतात. न्यू हेवनच्या सार्जंट कंपनीच्या बहुतेक उत्तम रंध्यांनाही तो स्क्रू नाही. एखादी गोष्ट नसणं याचा अर्थ कंपनीगणिक वेगळा असतो.

सार्जंटचे आकडे मात्र मला फार आवडतात, कारण ते सरळ बोलतात. 409 म्हणजे नऊ इंच, 414 म्हणजे चौदा इंच. मॅसॅच्युसेट्सच्या मिलर्स फॉल्स कंपनीनेही तेच केलं, त्यांचा 9 म्हणजे नऊ इंच आणि 14 म्हणजे चौदा. ही कंपनी रंध्यांच्या धंद्यात उशिरा, 1929मध्ये उतरली. तिची स्वस्त मालिका 'मोहॉक-शेलबर्न'. पश्चिम मॅसॅच्युसेट्सच्या डोंगरांतून जाणारी मोहॉक ट्रेल आणि तिच्या काठचं शेलबर्न फॉल्स गाव, दोन्ही नावं तिथल्याच मुलखातली. सार्जंटची स्वस्त मालिका 'हर्क्युलिस'. या दोन्हींबद्दल माझं मत फार चांगलं आहे, त्याचं कारण पुढे येईल.

याहून गुंतागुंतीची नावं दुकानदारांची. सीअर्स रोबक ही टपालाने माल विकणारी अवाढव्य कंपनी होती. तिचा कॅटलॉग शेतावरच्या घरातही पोचायचा. सीअर्स स्वतः रंधे ओतत नव्हती, मोठ्या कारखान्यांकडून करून घेऊन आपली नावं घालायची. वरच्या दर्जाला 1927पासून 'क्राफ्ट्समन', त्याखाली 'डनलॅप', त्याआधीपासून 'फुल्टन'. प्रतिस्पर्धी माँटगोमेरी वॉर्डचे 'लेकसाइड' आणि 'वॉर्ड्स मास्टर'. आज क्राफ्ट्समन हाती आला तर तो मिलर्स फॉल्सचा की सार्जंटचा, हे फ्रॉगच्या घडणीवरून आणि लिव्हर कॅपवरून ओळखावं लागतं. मिलर्स फॉल्सच्या चांगल्या रंध्यांची दोन भागांची, बिजागरीवर हलणारी लिव्हर कॅप एकदा पाहिली की पुन्हा चुकत नाही. अर्थात स्वस्तातल्या क्राफ्ट्समनला ती दिलेली नसते, मग पुन्हा फ्रॉग काढा.

ब्रिमफील्ड हे आमच्या राज्यातलं छोटं गाव. 1959पासून तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, वर्षातून तीनदा, मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये, रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या शेतांतून मैलभर. तिथे एक वयस्क विक्रेते आहेत, पूर्वी शाळेत सुतारकाम शिकवायचे. त्यांच्याकडे मी मुद्दाम गेले होते. स्वस्त रंधे कुठून येतात असं विचारलं, तर ते म्हणाले, "तळघरातून. सुताराचे रंधे झिजलेले येतात. हे नवेच्या नवे येतात. माणूस घर घेतो, रंधा घेतो, एक दार घासतो आणि ठेवून देतो. पन्नास वर्षांनी मुलं घर विकायला काढतात तेव्हा मी जातो." त्यांनी एक डिफायन्स उलटा करून दाखवला. तळावरच्या मशीनच्या खुणा जशाच्या तशा होत्या, पातं कारखान्यातून आलं त्यानंतर एकदाही धार लावलेलं नव्हतं.

हे त्यांचं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना 1944च्या कायद्याने घरासाठी सोयीचं कर्ज मिळालं. 1947मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटाउन उभं राहू लागलं, एकसारखी 17,000हून अधिक घरं. अशा वसाहती देशभर झाल्या, आणि प्रत्येक घरात आयुष्यात पहिल्यांदाच घरमालक झालेला कोणीतरी होता. त्याला अवजारं हवी होती, आणि उत्तम अवजाराची ओळख करून देणारा कोणी आसपास नव्हता. 'हँडीमन' हे नाव त्याच्यासाठी होतं. त्याच सुमाराला घरगुती विजेची ड्रिल आली, प्लायवूड आलं, आणि हाताने फळी सपाट करायची गरजच आटत गेली. अमेरिकी घरात रंधा सर्वांत जास्त पोचला तो त्याची गरज सरत असताना. न वापरलेली पाती याची साक्ष देतात.

पण न वापरण्याचं दुसरंही कारण आहे, आणि इथे मी कारखान्यांना दोष देते. नवीन रंधा कधीच थेट कापत नाही. पात्याला धार लावावी लागते, तळ तपासावा लागतो. सुताराला हे माहीत असतं. घरमालकाने डबा उघडला, फळीवर रंधा चालवला, तो उड्या मारू लागला, फळी फाटली, आणि त्याला वाटलं की हे आपलं काम नव्हे. यात धारेचा वाटा मोठा, पण काटकसर नको तिथे केल्याचा वाटाही आहे. शिसवीऐवजी साधं लाकूड, निकेलऐवजी रंग, पितळेऐवजी पोलाद ही डोळ्यांची काटकसर. तिने एकही सुरळी कमी निघत नाही. फ्रॉगची बैठक नीट न घासणं ही हाताची काटकसर. बैठक डुगडुगली की पातं थरथरतं, आणि थरथरणाऱ्या पात्याला कितीही धार लावली तरी लाकडावर लाटा उमटतात. मी वापरून पाहिलेल्या हर्क्युलिस आणि मोहॉक-शेलबर्न रंध्यांमध्ये बहुतेक काटकसर पहिल्या प्रकारची आहे, म्हणून ते आजही सागावर मुकाट्याने काम करतात. स्टॅन्लीच्या डिफायन्स आणि हँडीमनमध्ये दोन्ही प्रकार आढळतात. एखादा नग सुरेख चालतो, दुसऱ्याच्या फ्रॉगखालचा रंग कानशीने साफ करून बैठक जुळवल्याशिवाय निभाव लागत नाही. ज्याला रंधा म्हणजे काय हे कळलं होतं, त्याने कुठे हात आखडता घ्यायचा हेही बरोबर ठरवलं. उत्तम रंध्यात कारखान्याचं कसब दिसतं, स्वस्त रंध्यात त्याची समज.

ते कारखाने आता राहिलेले नाहीत. मिलर्स फॉल्स 1962मध्ये इंगरसोल-रँडकडे गेली. सार्जंटने त्याच दशकात रंधे बनवणं थांबवलं. आणि गंमत म्हणजे स्टॅन्लीच्या मुख्य मालिकेतही पुढे तीच एकसंध पत्र्याची, टोक वळवलेली दांडी आली. एके काळी स्वस्त मालाची जी खूण होती, ती सगळ्याच मालाची झाली. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात 'मेड इन इंग्लंड' लिहिलेला स्टॅन्ली किंवा शेफील्डचा रेकॉर्ड मिळतो, त्यांच्याही नंतरच्या नगांत हीच काटकसर पाहायला मिळते. तिथे खरेदी करणाऱ्यांनीही नाव वाचून न थांबता काटा ओतीव आहे की पत्र्याचा, एवढं बघावं.

स्वस्त रंध्यांना सध्या सर्वांत मोठा धोका गंजाचा नाही. दहा डॉलरच्या वस्तूवर लोक हात साफ करून घेतात. तारेचा ब्रश लावून मूळ रंग उतरवतात, मुठीवरची कागदी चिठ्ठी धुऊन टाकतात, चांगली लिव्हर कॅप काढून दुसऱ्याला लावतात आणि उरलेलं बीड भंगारात. बेडरॉकच्या बाबतीत असं करायचं धाडस कोणी करणार नाही. पण बेडरॉकची प्रत्येक खूण कधीच छापून झाली आहे. इथे रंगाची छटा आणि फाटकी चिठ्ठी हाच एकमेव पुरावा असू शकतो, कारण दुसरीकडे तो लिहिलेलाच नाही.

अमेरिकेत जुनी घरं घेणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या आता मोठी आहे, आणि त्यांतल्या कित्येकांच्या तळघरात मागच्या मालकाची एखादी अवजारांची पेटी राहून गेलेली असते. तीत रंधा निघाला तर एक करा. घासू नका, रंगवू नका. लिव्हर कॅपची खिट्टी उचलून पातं काढा, फ्रॉगचे दोन स्क्रू सोडवा, आणि फ्रॉगची खालची बाजू, तो जिथे टेकतो ती जागा, काटा आणि दांडीचं टोक यांचे उजेडात फोटो काढा. मुठीवर रंगाचा किंवा कागदाचा तुकडा असेल तर त्याचाही. घर कोणत्या साली बांधलं, आधी तिथे कोण राहत होतं, हे शेजाऱ्यांना विचारून फोटोंसोबत लिहून ठेवा. मग पाहिजे तर धार लावा आणि वापरा.